चिमुकल्या चित्रांना कच्चा रंग कशासाठी?

दिवाळी जवळ आली की सोलापूर, पुणे, सातारा, कोल्हापूर अशा शहरांच्या पेठांत रस्त्याकडेला मातीची चित्रे मांडलेली दिसू लागतात. मुले अंगणात दगडमातीचे किल्ले करतात आणि त्यांवर ही चित्रे बसवतात. सिंहासनावरील शिवाजी महाराज, भालदार, चोपदार, ढाल-तलवारीचे मावळे, तोफा, हत्ती, वाघ, भाजीवाली, डोक्यावर घागर घेतलेली बाई अशी बोटभरापासून वीतभर उंचीपर्यंतची ही चित्रे असतात. विक्री पंधरा-वीस दिवसांची असली तरी साच्यातून काढणे, वाळवणे, भाजणे आणि रंगवणे हे काम कित्येक महिने चालते. घरातील बायका आणि मोठी मुलेही त्यात हात लावतात.

या कामातील माणसांशी बोलल्यावर मातीची तक्रार कमी आणि रंगाची तक्रार जास्त ऐकू येते. डबा उघडला की रंग छान दिसतो, सुकला की फिका पडतो. एका हाताने भागत नाही, तीन हात द्यावे लागतात. पाणी लागले की सुटतो, उन्हात ठेवले की विटतो. मागच्या महिन्यातील लाल आणि या महिन्यातील लाल एकमेकांशी जुळत नाहीत. ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे आणि तिची दाद कोठेही लागत नाही. ती का लागत नाही आणि कशी लागू शकेल, एवढाच आमच्या लिहिण्याचा हेतू आहे.

आमचा धंदा कापडाचा आहे. कापडवाल्याने चित्रांच्या रंगावर का लिहावे, असा प्रश्न काही व्यापारी बांधव विचारतील. त्याचे उत्तर सरळ आहे. रंग हा कापडाच्या धंद्याचा निम्मा जीव आहे. सोलापुरी चादरीचे नाव झाले ते विणकामामुळे जसे झाले तसेच पक्क्या रंगामुळे झाले. कापड मजबूत निघाले पण पहिल्याच धुण्यात रंग गेला तर गिऱ्हाईक ते कापड आमच्या गादीवर आणून आपटतो आणि आम्हाला उत्तर द्यावे लागते. तीस वर्षे अशी उत्तरे देत आल्यामुळे पक्का रंग कोणता, कच्चा कोणता, आणि कच्च्या रंगाचा माल बाजारात का टिकून राहतो हे आम्हाला थोडेफार कळते.

रंगाच्या डब्यात काय असते?

कोणत्याही रंगाच्या डब्यात मुख्यतः चार वस्तू असतात. पहिली म्हणजे रंगाची मूळ पूड, जिला कारखानदार पिगमेंट म्हणतात. दुसरी म्हणजे ती पूड वस्तूवर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणजे बाइंडर. तिसरी भरताड, म्हणजे खडूची पूड किंवा चिनी माती. चौथी वस्तू पाणी किंवा टर्पेंटाइनसारखा पातळ करणारा पदार्थ. याशिवाय रंग सडू नये म्हणून थोडे औषध घातलेले असते.

रंगाची किंमत मूळ पूड आणि बाइंडर यांत असते. भरताड स्वस्त आणि पाणी जवळजवळ फुकट. म्हणून ज्याला हलका माल काढायचा असतो तो पूड आणि बाइंडर कमी करतो, खडू आणि पाणी वाढवतो. पूड कमी झाली की रंग झाकत नाही, खालची माती दिसत राहते. बाइंडर कमी झाला की सुकलेला रंग हाताला भुकटीसारखा लागतो. पूड नीट दळलेली नसली की रंग खरखरीत बसतो. औषध कमी पडले की डब्याला महिन्या-दोन महिन्यांत वास येतो, वर बुरशी धरते. पांढऱ्याचेच उदाहरण घ्या. टायटॅनियमचा पांढरा एका-दोन हातांत माती झाकून टाकतो. खडूचा पांढरा ओला असताना पाण्यासारखा दिसतो आणि सुकल्यावर चुन्याच्या पुसट हातासारखा. डबा मात्र दोन्हींचा सारखाच.

बाइंडरच्या जातीचाही फरक आहे. शाळकरी मुलांचे पोस्टर कलर डिंकासारख्या पदार्थावर बांधलेले असतात. ते सुकले तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतात. कागदासाठी त्यात काही गैर नाही. ॲक्रिलिक रंगाचे तसे नसते. तो पाण्यात कालवता येतो, पण एकदा सुकला की त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो पाण्याने सुटत नाही. कापडावरील पिगमेंट छपाईत हाच प्रकार चालतो. तेथे ॲक्रिलिकचा बाइंडर घालून कापड भट्टीत तापवतात म्हणजे रंग धरतो. ज्या छपाईवाल्याने बाइंडरमध्ये काटकसर केली त्याच्या कापडाचा रंग कॉलरवर आणि कोपरावर प्रथम जातो. तीच काटकसर डब्यात झाली की मावळ्याच्या नाकावरचा आणि पगडीवरचा रंग आधी जातो, कारण हात लागतो तो तेथेच.

लहान वस्तूला चांगलाच रंग लागतो

बाजारात एक समजूत घट्ट बसलेली आहे. वस्तू लहान, तिची किंमत लहान, म्हणून तिला हलका रंग चालतो. आमच्या मते हिशोब उलटा आहे. भिंतीला हलका रंग दिला आणि तीन हात मारावे लागले तर मजुरी वाढते, पण भिंत भिंतच राहते. तीन इंचांच्या चित्राला तीन हात दिले की त्याचे डोळे बुजतात, मिशी आणि ओठ एक होतात, बोटे एकमेकांना चिकटतात, तलवारीची धार जाते. साचा करणाऱ्याने कोरलेले काम रंगाच्या थराखाली दबते. लहान चित्राला पातळ बसणारा आणि तरीही झाकणारा रंग हवा. असा रंग बारीक दळलेल्या, भरपूर पुडीशिवाय तयार होत नाही.

शिवाय किल्ल्यावरच्या चित्राला जे सोसावे लागते ते घरातल्या शोभेच्या बाहुलीला सोसावे लागत नाही. मुले किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि ती उगवावी म्हणून रोज पाणी शिंपडतात. पहाटे दव पडते, दुपारी ऊन लागते. चित्रे दिवसातून दहा वेळा हलवली जातात. दिवाळी संपल्यावर ती कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी पेटीत ठेवली जातात. पाणी, ऊन आणि रगड या तिन्ही परीक्षा ज्या मालाला एकाच आठवड्यात द्यायच्या आहेत, त्यालाच बाजार सर्वांत कच्चा रंग पुरवतो.

सगळा दोष रंगावर टाकणेही न्यायाचे होणार नाही. चित्र नीट भाजलेले नसेल, आत ओल राहिली असेल, तर चांगला रंगही फुगून सुटतो. भाजलेली माती पाणी शोषते, त्याबरोबर रंगातील बाइंडरही ओढून घेते आणि वर नुसती पूड राहते. म्हणून आधी पांढऱ्याचा एक पातळ हात देऊन तो पूर्ण सुकू द्यावा लागतो. जुने कारागीर हे जाणतात. घाईच्या दिवसांत काही जण हा हात गाळतात, ते त्यांनी करू नये. पण ज्याने सगळे रीतसर केले त्याचाही रंग जातो, ही खरी अडचण आहे.

नुकसान कोणाच्या खात्यावर पडते?

आमच्याच पेढीवर घडलेली एक गोष्ट येथे सांगणे जरूर आहे. दोन वर्षांमागे दिवाळीत आम्ही लहान मुलांच्या तयार कपड्यांवर एक मावळा भेट अशी योजना ठेवली. बारा डझन चित्रे माहितीतील एका कारागिराकडून रोखीने घेतली. वयाने मोठा आणि कामाचा चोख माणूस, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी त्या वर्षी शहरातील एका ठोक दुकानातून नवा रंग घेतला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत वॉटरप्रूफ असे छापलेले होते. आठवडा झाला नाही तोच गिऱ्हाइके पांढरे कुर्ते आणि फिकट फ्रॉक घेऊन परत येऊ लागली. मुलांच्या ओल्या हातांनी मावळ्याचा लाल रंग कपड्यांना लावला होता. आम्ही कपडे बदलून दिले, कारण गिऱ्हाईक आमचे होते.

मामांना बोलावले तेव्हा त्यांनी उरलेला डबाच समोर ठेवला. म्हणाले, "शेठ, डबा उघडला तेव्हा रंग कुंकवासारखा होता. वर वॉटरप्रूफ लिहिलंय ते तुम्हीच वाचा. मी आणखी काय बघायला पाहिजे होतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. डब्यावर कारखान्याचा पत्ता नव्हता, लॉट नंबर नव्हता, तयार केल्याची तारीख नव्हती. दुकानदार म्हणाला, वरून असाच माल येतो. मामांनी घरी राहिलेली चित्रे पाण्यात घासून पुन्हा रंगवली, त्यांत घरच्या चार माणसांच्या दोन रात्री गेल्या. कपड्यांचे नुकसान आमच्या वहीत पडले. ज्याने खडू आणि पाणी घालून तो डबा भरला त्याला एक पैशाची तोशीस लागली नाही. त्याला ही हकीकत समजलीही नसेल.

कच्चा रंग बाजारात टिकून राहण्याचे कारण आम्हाला येथे दिसते. रंगाचे नुकसान रंग बनवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ते कारागिराच्या मजुरीत मुरते, नाहीतर विकणाऱ्याच्या अंगावर येते, नाहीतर मुलाच्या आईला कपडे घासावे लागतात. तक्रार परत जाण्याची वाटच नाही तेव्हा दर्जा सुधारण्याचे कारणही उरत नाही.

कापडाच्या धंद्यात ही वाट आहे. ताग्याच्या कडेला गिरणीचे नाव आणि धाग्याचे प्रमाण छापलेले असते. रंगाईच्या मालाला लॉट नंबर असतो. दोन लॉटचे कापड एकाच शर्टात गेले तर शेडचा फरक दिसतो, म्हणून शिंपीसुद्धा लॉट पाहतो. रंगाचा पक्केपणा मोजायला ठरलेल्या मापपट्ट्या आहेत. उन्हात टिकण्यासाठी १ ते ८ अशा श्रेणी आणि धुण्यात व रगडीत टिकण्यासाठी १ ते ५ अशा श्रेणी असतात. परदेशी खरेदीदार या आकड्यांशिवाय ऑर्डर देत नाही. चित्रकारांच्या चांगल्या ट्यूबवरही आत कोणती मूळ पूड आहे तिचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. हे क्रमांक ज्या कलर इंडेक्समधून येतात तो ग्रंथ ब्रिटनमधील रंगारी मंडळींच्या संस्थेने गेल्या शतकात प्रथम काढला. म्हणजे रंगाला नाव-गाव लावण्याची विद्या कापड रंगवणाऱ्यांच्याच घरची आहे. ती कुंभारवाड्यातील डब्यापर्यंत पोहोचली नाही इतकेच.

पिवळा आणि केशरी

आता एका गंभीर गोष्टीकडे वळू. रंग जातो, कपडे खराब होतात, हे नुकसान पैशाचे आहे. रंगात शिसे असेल तर नुकसान मुलाच्या शरीराचे आहे.

पिवळा, केशरी आणि काही लाल रंग जात्या पारदर्शक असतात. शिसे नसलेली चांगली पिवळी पूडही एका हातात नीट झाकत नाही. पूर्वी कारखानदारांनी यावर सोपा उपाय शोधला होता, तो म्हणजे लेड क्रोमेट, शिशाची पिवळी पूड. ती झळझळीत दिसते, एका हातात झाकते आणि स्वस्त पडते. म्हणूनच एखादा स्वस्त पिवळा किंवा केशरी एका हातात चकाकत बसला तर खूश होण्याआधी दोनदा विचार करावा. किल्ल्यावर केशरी भरपूर लागतो. निशाण केशरी, पगड्या केशरी. आणि चित्र तोंडात घालणारे मूल प्रत्येक घरात असते.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषले जाते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. कारागिराच्या घरची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपल्या घरी वर्षाला पाच-दहा चित्रे येतात. त्याच्या घरी रंगाचे डबे स्वयंपाकघराच्या शेजारी उघडे असतात, जुना रंग खरवडताना धूळ उडते आणि लहान मुले त्याच जमिनीवर रांगतात.

या बाबतीत कायदा नाही असे नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबतचे नियम भारत सरकारने २०१६ साली काढले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला असा रंग तयार करण्यास मनाई आहे. परंतु हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. औद्योगिक वापराचा रंग त्यांत येत नाही. ट्रकला, लोखंडी जाळीला, यंत्राला द्यायचा ऑइल पेंट त्याच दुकानात त्याच फळीवर असतो. तो स्वस्त आणि चकचकीत दिसला की कारागीर तोच नेतो. त्याला कोणी अडवत नाही आणि कोणी सांगतही नाही.

खेळण्यांसाठी वेगळा हुकूम आहे. २०२० साली काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. ही सूट आम्हाला योग्य वाटते. दोन खोल्यांत बसून चित्रे करणारा माणूस प्रयोगशाळेचा खर्च कोठून करील? पण सूट कारागिराला दिली तर जबाबदारी कोणावर तरी राहिलीच पाहिजे, आणि ती रंगाच्या कारखान्यावर असावी. हजार कारागिरांच्या हजार चित्रांची तपासणी होणे अवघड आहे. ज्या कारखान्यातून त्यांचा रंग येतो त्याच्या एका लॉटची तपासणी सोपी आहे. कारागिराला सूट द्या, डबा भरणाऱ्याला देऊ नका, हे आमचे सांगणे आहे.

अझो रंगाच्या वेळी काय झाले?

असे नियम आले की लहान कारखाने बंद पडतील, माल महागेल, असे लगेच सांगितले जाते. हेच शब्द आम्ही एकदा ऐकलेले आहेत. १९९४ साली जर्मनीने अंगाला लागणाऱ्या वस्तूंत काही अझो रंग वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. या रंगांपासून कर्करोगाचा धोका असलेले पदार्थ सुटू शकतात हे त्यामागील कारण होते. आपल्याकडे कापडाच्या बाजारात मोठी घबराट झाली. निर्यात संपली, छोटा रंगारी मेला, ही परदेशी लोकांची चाल आहे, असे बोलले गेले. १९९७ साली भारत सरकारनेही अशा सत्तर अझो रंगांवर बंदी घातली.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. बदली रंग मिळू लागले. रंगाचे व्यापारी बिलासोबत बंदीतील रंग नसल्याचा दाखला देऊ लागले, कारण तो दिल्याशिवाय माल उचलला जाईना. सुरुवातीला खर्च वाढला, त्रास झाला, हे नाकारता येत नाही. पण आपल्या कापडाची निर्यात थांबली नाही. खरेदी करणाऱ्याने कागद मागितला आणि मागत राहिला, म्हणून धंदा सुधारला. चित्रांच्या बाबतीत खरेदी करणारे आपण आहोत आणि आपण अजून कागद मागितलेलाच नाही.

टिकाऊ आणि लहान मुलांच्या हातात देता येईल असा रंग लहान वस्तूला देणे शक्यच नाही, असेही कोणी म्हणू नये. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपटना गावची लाकडी खेळणी पाहा. ही कला टिपू सुलतानच्या काळाशी जोडली जाते. तेथील कारागीर लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. थर पातळ बसतो, हाताला लागत नाही आणि कोरलेली रेघ बुजत नाही. मातीच्या चित्राला लाखेची ही रीत लावता येणार नाही, कारण ते लेथवर फिरत नाही. पण वस्तू लहान आणि स्वस्त असली तरी तिच्या रंगाला मान देता येतो, एवढे त्यातून दिसते.

स्वस्त रंगाचा खरा भाव

आता भावाविषयी. कारागीर म्हणतो की चांगला रंग परवडत नाही. त्याच्या खिशाकडे पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही, कारण डबा घेताना रोख पैसे जातात आणि मजुरी घरचीच असल्यामुळे हिशोबात धरली जात नाही. नमुन्यादाखल शंभर चित्रांचा हिशोब करू. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा हलक्या रंगाचा डबा ५० रुपयांना आहे आणि तीन हात द्यावे लागल्यामुळे चार डबे लागले. रंगाचे २०० रुपये झाले. शंभर चित्रांना एक हात द्यायला अर्धा दिवस धरला तर तीन हातांना दीड दिवस. दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली तर ७५० रुपये. एकूण ९५० रुपये. आता चांगला रंग १२० रुपये डबा घेतला आणि दोन हातांत काम झाले, दोन डबे लागले. रंगाचे २४० रुपये, एका दिवसाची मजुरी ५०० रुपये, एकूण ७४० रुपये. म्हणजे दुपटीहून महाग डब्याने शंभर चित्रांमागे २१० रुपये वाचवले. पुसून पुन्हा रंगवण्याचा खर्च आणि परत आलेला माल यात धरलेला नाही. आम्ही कापडवाले सूत घेताना किलोचा भाव पाहतोच, पण मीटरला काय पडले तेही पाहतो. रंगाचेही तसेच. डब्याचा भाव विचारू नये, शंभर चित्रांना काय पडले ते विचारावे.

घरच्या घरी पारख

प्रयोगशाळा जवळ नसली तरी पारख करता येते. आमच्या धंद्यातील साध्या चाचण्या येथे देत आहोत. मोठी खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक छटेचा एकच डबा आणून त्या कराव्यात.

१. छापील वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक पातळ हात द्यावा. सुकल्यावर खालची काळी अक्षरे स्पष्ट वाचता आली तर रंगात पूड कमी आहे. पिवळ्याला यात थोडी सवलत द्यावी.

२. भाजलेल्या मातीच्या तुकड्यावर रंग देऊन दोन दिवस सुकवावा. पांढऱ्या मलमलीचा तुकडा बोटाला गुंडाळून आधी कोरडा आणि मग ओला करून दहा वेळा घासावा. कोरड्या कापडाला भुकटी लागली तर बाइंडर कमी. ओल्या कापडाला रंग लागला तर डब्यावर काहीही छापलेले असो, तो पाण्याला पक्का नाही.

३. रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसला तर तो रंग विटणारा आहे. चमकणारे गुलाबी आणि पोपटी रंग येथे बहुधा नापास होतात.

४. थोडा रंग काचेवर पसरून दोन बोटांत चोळावा. वाळूसारखी कचकच लागली तर दळण जाडे आहे. तो बारीक ब्रशला आणि चित्राच्या चेहऱ्याला उपयोगाचा नाही.

५. शिसे अशा चाचणीने कळत नाही. त्यासाठी डब्यावर शिशाचे प्रमाण ९० भागांच्या आत असल्याचा उल्लेख पाहावा, आणि यंत्रे, गाड्या यांसाठीचा औद्योगिक रंग चित्रांसाठी घेऊच नये.

पिवळ्या आणि केशरी रंगासाठी एक सूचना. खाली पांढऱ्याचा चांगला हात दिला की शिसे नसलेला पिवळाही दोन हातांत उजळ बसतो. पांढऱ्यावर केलेला खर्च पिवळ्यात भरून निघतो.

काय करता येईल?

एकट्या कारागिराने कारखान्याला दम भरून काही होणार नाही. पण एका वस्तीतील दहा घरांनी एकत्र रंग घेतला तर तो वीस लिटरच्या ड्रममध्ये, एकाच लॉटचा, कारखान्याच्या बिलासह घेता येतो. भाव कमी पडतो, शेड एक राहते आणि तक्रार करायला पत्ता मिळतो. सुटा रंग भरून विकणाऱ्या दुकानाची मग गरज राहत नाही. हंगामाच्या आधी या खरेदीसाठी बिनव्याजी उचल देणे आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना अवघड नाही. आम्ही आमच्या ओळखीच्या घरांसाठी ते यंदापासून करीत आहोत.

रंगाच्या ठोक व्यापाऱ्यांना आमची विनंती आहे की नाव, पत्ता, महिना आणि लॉट नसलेला डबा त्यांनी फळीवर ठेवू नये. चार पैसे जास्त सुटतात म्हणून निनावी माल विकणारा दुकानदार आज कारागिराला फसवतो, आणि उद्या कारागीर थेट कारखान्याकडे गेला की त्याचेच दुकान रिकामे होते. रंगाच्या कारखानदारांनी वॉटरप्रूफ हा शब्द छापायचा तर कोणत्या वस्तूवर आणि किती वेळ सुकल्यावर, हेही छापावे. चित्रे घाऊक घेणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी भाव ठरवताना कोणता रंग वापरला तेही विचारावे आणि चांगल्या रंगासाठी नगामागे रुपया जास्त द्यावा. तो रुपया द्यायची तयारी नसेल तर पुढे रंग गेल्याची ओरड करू नये.

सरकारकडे मागणी एकच. शिशाबाबतचे नियम ज्या रंगांना लागू नाहीत त्या डब्यांवर, हा रंग खेळणी व चित्रे यांसाठी नाही, अशी ठळक मराठी सूचना छापणे सक्तीचे करावे. त्याला मोठा खर्च लागत नाही. एवढे झाले तरी मामांसारख्या माणसाला डबा हातात घेताना आपण काय घेत आहोत ते वाचता येईल. आणि रंग गेलाच, तर तो डबा घेऊन कोणाच्या दारी जायचे तेही कळेल.